फळ्यावरचं नाव

"कोनी सांगं? तुनी देखं का?"

कोणतीही बातमी घेऊन जा, त्याचा पहिला प्रश्न हाच. कोणी सांगितलं, आणि तू स्वतः पाहिलंस का? विचारताना उजव्या हाताचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायची सवय, मग बोटांत खडू असो की नसो. एकदा आमच्या आईने गल्लीतल्या कोणाची म्हैस व्याल्याचं सांगितलं, तर तिलाही त्याने सोडलं नाही. आई म्हणाली, "मी देखं नही रे भाऊ, पन खरवस खादा ना!" तेवढा पुरावा त्याला चालला.

असा एखादा मुलगा तुमच्याही गल्लीत असेल. सगळे त्याला हसतात आणि अडचण आली की त्यालाच विचारतात. आमचा हा नंदुरबारला आमच्या शेजारच्या खोलीत राहायचा. वडील नव्हते. माय मिरचीच्या वखारीत देठ खुडायला जायची आणि संध्याकाळी दारात बसून खोबरेल तेलाने हातांची आग शमवायची. तो माझ्यापुढे दोन वर्गांनी होता. मी त्याला भाऊ म्हणायचे, कारण राखी बांधून घ्यायला त्याला बहीण नव्हती आणि मला ओवाळणी घालायला भाऊ नव्हता. ओवाळणीत मला खडूच मिळायचे, तेही शाळेचे.

स्वातंत्र्याला दहाबारा वर्षं झाली असतील. आमच्या हायस्कुलाच्या पडवीत बातम्यांचा एक फळा होता. सुरतेकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीने मुंबईचं वर्तमानपत्र यायचं, एक दिवस शिळं. ते स्टेशनवरून आणायचं आणि प्रार्थनेच्या आधी ठळक बातम्या फळ्यावर लिहायच्या, हे त्याचं काम. पण देशाच्या बातम्या संपल्या की तो खाली एक रेघ ओढायचा आणि लिहायचा, 'आपल्या शाळेत'. रेघेखालचा मजकूर त्याचा स्वतःचा. 'पिण्याच्या रांजणात बेडूक निघाला.' 'सातवीचे छप्पर गळते; गणिताचे सर छत्री धरून शिकवतात.' हेडमास्तर हे वाचून मनापासून हसले आणि आठवड्याच्या आत छपरावर नवी कौलं चढली.

तेव्हापासून त्याची खात्रीच झाली, की पाहिलेलं खरं फळ्यावर लिहिलं की दुरुस्त होतं. छपराचं ठीक आहे, छपराला कोणी दंडाला धरून बाहेर काढत नाही. पण हे त्याला सांगणार कोण? मी तेव्हा तेरा वर्षांची, मला तरी कुठे कळत होतं?

त्या वर्षी दिवाळीनंतर भाऊच्या पुढच्या वर्गात, दहावीच्या शेवटच्या बाकावर एक नवा मुलगा दिसू लागला. काळासावळा, लांब पायांचा, वर्गात सदऱ्याची बटणं चाचपत बसणारा. हजेरीत त्याचं नाव मगन. नाव पुकारलं की शेजारचा मुलगा कोपर मारायचा, मग तो उठून "हजर" म्हणायचा. खेळाचे सर त्याला रोज पहाटे मैदानावर पळवायचे आणि स्वतःच्या घरचं दूध पाजायचे. आंतरशालेय सामन्यांत लांब शर्यतीची ढाल आमच्या शाळेला कधीच मिळाली नव्हती, आणि सरांना तिचा ध्यास लागला होता.

एका सकाळी भाऊ स्टेशनवर वर्तमानपत्राची वाट बघत होता. सुरतेच्या गाडीतून खांद्यावर नवी पेटी घेऊन मगन उतरला. खरा मगन, शाळेच्या कमिटीतल्या एका वजनदार मेंबरांचा मुलगा. मामाच्या दुकानात बसायला तो केव्हाच सुरतेला गेला होता. शाळेतलं नाव मात्र तसंच राहिलं होतं. भाऊ शाळेत आला, दहावीच्या खिडकीशी उभा राहिला. हजेरी चालली होती आणि मगन हजर होता.

मधल्या सुट्टीत त्याने त्या मुलाला गाठलं. "तुनं नाव काय शे?"

मुलाने आधी मागे पाहिलं, मग हळूच सांगितलं, "दित्या."

तो तोरणमाळच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. लाकडाच्या मोळ्या घेऊन घाट उतरताना सरांनी त्याला पाहिलं आणि घेऊन आले. वर्षाच्या मध्येच नवं नाव घालता येत नव्हतं, म्हणून सरांनी शब्द दिला होता, आत्ता मगनच्या नावावर पळ, ढाल आण, मग जूनमध्ये तुझं नाव घालतो, तुझ्या स्वतःच्या नावाने, बोर्डिंगात राहायचं. त्यासाठी तो जिवाच्या आकांताने पळत होता. ढालीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

"मन्हं नाव कसं लिखतस?" त्याने विचारलं. भाऊने फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं. दित्याने अक्षरांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि शेवटी सदऱ्याच्या बाहीने पुसून टाकलं. हे मी पाहिलं, फळा पुसायचं पाणी घेऊन मी तिथेच उभी होते.

सारंगखेड्याच्या यात्रेहून दित्या परतला तो डाव्या हातावर आपलं नाव गोंदवून. आपल्याकडे यात्रेत कोणी विंचू गोंदवतं, कोणी देव, कोणी नाव. त्याला नाव लिहिता येऊ लागलं होतं, मग ते पुसलं जाणार नाही अशा जागी लिहून घ्यावं, इतकंच त्याच्या मनात आलं. सर अक्षरशः कपाळ बडवून घेत होते. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या हाताला पट्टी बांधली गेली, मार लागलाय म्हणून.

भाऊने यातलं काहीच फळ्यावर लिहिलं नाही. दित्यानेच हात जोडले होते. म्हणाला, ढाल येऊ दे, मग सर नाव घालणार आहेत. भाऊ थांबला. पाहिलेलं पोटात ठेवायची त्याची ती पहिलीच वेळ, आणि त्या दिवसांत त्याला जेवण जात नसे.

शर्यतीच्या दिवशी आम्ही मुली फाटकापाशी उभ्या होतो. गावाला वळसा घालून पहिला आला तो दित्याच, अनवाणी, मागे दुसरं कोणी दिसतसुद्धा नव्हतं. हाताची पट्टी सुटून लोंबत होती आणि घामाने न्हालेल्या हातावर ती हिरवी अक्षरं स्पष्ट दिसत होती. आम्ही टाळ्या पिटत ओरडत होतो, "मगन! मगन!" त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. आपल्याला कोणी हाक मारतंय हे त्याच्या लक्षातच आलं नसावं.

पुढच्या आठवड्यात ढालीबरोबर फोटो काढायचा ठरला. फोटोवाला आला, खुर्च्या मांडल्या, आणि मधल्या खुर्चीत मांडीवर ढाल घेऊन कोण बसलं? मगन. फोटोसाठी त्याला मुद्दाम सुरतेहून बोलावलं होतं, केसांना तेल, अंगात कोट. दित्याला सर म्हणाले, "तू जरा मागे थांब, आणि पाहुण्यांना पाणी दे." दित्या तांब्या घेऊन पडवीच्या खांबाआड उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर देशाची एकही बातमी नव्हती. वर फक्त रेघ आणि खाली सुरेख अक्षरांत: 'ढाल दित्याने जिंकली. फोटोत बसला तो मगन. दित्याचे नाव शाळेत घालण्याचा शब्द सरांनी दिला आहे. तो पाळला जाईल अशी आशा आहे.'

ते शेवटचं वाक्य मला आजही पाठ आहे. नवी कौलं येतील म्हणून तो वाट बघत होता!

दुपारपर्यंत गावभर झालं. ढाल परत गेली. कमिटी बसली आणि असं ठरलं, की डोंगरातल्या त्या पोराने खोटं नाव सांगून शाळेची फसवणूक केली. सर सरच राहिले, मेंबर मेंबरच. दित्याला शहाद्याच्या मोटारीत बसवून दिलं. हेडमास्तरांनी भाऊला बोलावलं आणि विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?"

"मी पाहिलं, सर."

त्यांनी टेबलावरचा खडू उचलून खणात ठेवला. मग म्हणाले, "उद्यापासून फळा दुसरा कोणी लिहील."

आमच्या गल्लीतही लोक बोललेच. "ढाल गमाडी पोऱ्यानी," म्हणायचे. मायने मात्र आपल्या आग होणाऱ्या हातांनी त्याचं तोंड कुरवाळलं, आणि डोळ्यांत तिखट गेलं म्हणून दोघंही रडत बसले.

होळीच्या सुट्टीत भाऊ एकटाच तोरणमाळच्या वाटेला लागला. परत आला तो पाय फोडून घेऊन. आमच्या ओट्यावर बसला, बोटं घासत राहिला. मीच विचारलं, "भेटना का दित्या?"

भेटला होता. सरांनी निरोप देताना दित्याला सांगितलं होतं, "तुझ्या हातावरच्या नावाने घात केला रे, नाहीतर तू शाळेत राहिला असतास." दित्याने ते खरं मानलं. घरी गेल्यावर त्याने रानातला बिब्बा ठेचून हातावर बांधला. कातडी जळून गेली, महिनाभर हात सुजून राहिला. भाऊला बघताच तो धावत आला आणि हात पुढे करून विचारलं, "नाव गयं, देख. आते लेतीन का माले शाळामा?"

"मंग तू काय सांगं?" मी विचारलं.

तो ओट्यावरून उठला आणि घरात गेला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी भाऊ फाटकाशी उभा होता. दित्या आला नाही. मॅट्रिक होऊन भाऊ रेल्वेत लागला आणि पुढे नवापूर स्टेशनवर त्याची नेमणूक झाली. माझं सासर सुरतेचं, त्यामुळे माहेरी येताजाता गाडी तिथे थांबायची. गाड्यांच्या वेळा लिहिलेला फळा मी खिडकीतूनच ओळखायचे. तो चहा घेऊन डब्यापाशी यायचा, बारीक होत चाललेला, खोकणारा. बातमी कधी विचारायचा नाही. एवढंच म्हणायचा, "शाळापाशीन गयी व्हती का? डोंगरमाधला पोरे दिखनात का कोनी?"

एका खेपेला फळ्यावरचं अक्षर निराळं दिसलं. मी खाली उतरले. म्हातारा हमाल म्हणाला, "बाबू गया ना, बाई. हिवाळामा. छाती खराब व्हयनी व्हती." मी फळ्याकडेच बघत राहिले तसा तो जवळ आला. "रोज सकायले फळा पुशी का, बाबू पहिले एक नाव लिखे. दित्या. मंग ते पुशी टाके, आनि गाड्यासना टाइम लिखे. कोन व्हता तो, बाई?"

"आमनी शाळाले ढाल भेटनी व्हती," मी म्हटलं, "ती त्यानी जिकेल व्हती."

हमालाने माझ्याकडे निरखून पाहिलं. इतकी वर्षं बाबूच्या हाताखाली काढल्यावर त्यालाही ती खोड लागली असावी.

"तुमनी देखं का?"

गाडीने शिट्टी दिली होती. माझे यजमान दारातून हाका मारत होते.

"हा भाऊ," मी म्हटलं. "मी देखं."