वाढत्या अंगाची माळ

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेतल्या पोरांचे गणवेश शिवले, आणि सगळे वाढत्या अंगाचे. नवा शर्ट पोराच्या गुडघ्याला टेकायचा आणि अंगाला बसेपर्यंत दोन वर्षं जायची. आईबाप खूश, पोरं रडकुंडीला. कापडाची चिंधी वाया घालवतील तर शपथ!

मग एका सकाळी चहाचा कप हातातून निसटला आणि उजवा हात रुसला तो रुसलाच. डॉक्टर म्हणाले, झटका सौम्य होता, जिवावरचं बोटावर निभावलं. नेमकं तेच मास्तरांना झोंबलं. शिंप्याचा जीव बोटांत नसतो तर कुठे असतो हो? सहा महिने झाले तरी अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भेटेनात. व्यायामाचा रबरी चेंडू मास्तरांनी कपाटाखाली ढकलला आणि एक दिवस जाहीर केलं, की मशीन देऊन टाकायचं. ओळखीतला एक पडदेवाला रविवारी ते न्यायला येणार होता.

मशीन गेलं की हा माणूस खुर्चीतून उठणार नाही, हे बायकोला स्वच्छ दिसत होतं. पण मास्तरांशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालंय!

ती रोज सकाळी अर्धा तास ध्यानाला बसायची. शेजारच्या निवृत्त नर्सबाई बौद्ध, त्यांनीच तिला हे शिकवलं होतं. मनगटात घालायची सत्तावीस मण्यांची माळ हातात घ्यायची आणि एका श्वासाला एक मणी सरकवायचा. त्या आठवड्यात तिची माळ तुटली. नर्सबाईंनी लाकडी मणी आणि जाड दोरा आणून थेट मास्तरांपुढे ठेवला आणि सांगितलं, घरीच करा, दर दोन मण्यांमध्ये गाठ मारा, म्हणजे दोरा तुटला तरी मणी सांडत नाहीत. मास्तर भडकले. मी शिंपी आहे, बांगडीवाला नाही, म्हणाले. बायकोने नुसतं मनगट पुढे केलं आणि माप तरी घ्या म्हणाली. मापाला नाही म्हणणं मास्तरांच्या रक्तातच नव्हतं.

तीन दिवस डावा हात आणि दात खपले. उजवा हात जावयासारखा मांडीवर नुसता बसून होता. रविवारी सकाळी माळ तयार झाली. बायकोने ती घातली, हात वर केला, आणि माळ सरळ कोपरापर्यंत गेली.

"अहो, हे काय?"

"सवयीने थोडी वाढत्या अंगाची धरली."

"साठीला आले मी. आता आणखी कुठे वाढू?"

ती पोट धरून हसली. मास्तरही हसले, सहा महिन्यांत पहिल्यांदा. मग तिने कात्री आणली. गाठी कापून टाका, दोरा भरपूर उरलाय, म्हणाली.

मास्तरांचा पारा चढला. "चुकलेलं कापत नाहीत. उसवतात."

दुकानातल्या प्रत्येक कारागिराला त्यांनी हेच सुनावलं होतं. त्यांनी चष्मा चढवला, डाव्या हातात माळ घट्ट धरली आणि दाभणासारखी जाड सुई पहिल्या गाठीत खुपसली. बायको स्वयंपाकघराकडे निघाली होती, ती जागीच थांबली. माळ डाव्या हातात होती, मग सुई कोणी धरली होती? सुई दोनदा सटकली, मास्तरांनी गाठीला चार शिव्या घातल्या, पण रागाच्या भरात हाताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. बायकोचे डोळे भरून आले. बोललं तर सगळं फिसकटेल, या भीतीने ती हूं की चूं न करता दाराशी उभी राहिली. तासाभरात पाच गाठी सुटल्या.

तेवढ्यात पडदेवाला टेम्पो घेऊन आला. मशीन उचलू का, म्हणाला. बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मानही वर केली नाही.

"आज नाही जमायचं. हातात काम आहे माझ्या," ते म्हणाले, आणि मग त्यांनी पाहिलं, कोणत्या हातात.