पाइनच्या झाडाखालच्या सात्या

आमच्या सासूबाईंना सात्या ओळखता येतात, यावर पारशिवनीकडच्या त्यांच्या अख्ख्या गावाचा विश्वास होता. माझा नव्हता. सात्या म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या रानअळंब्या. चव अशी की मटण मागं पडावं. पण त्या दिवशीच्या सात्या वारुळावरच्या नव्हत्या. खापरखेड्याच्या आमच्या कॉलनीत कोण्या हौशी साहेबानं कधीकाळी पाइनची झाडं लावली होती. नागपूरचं ऊन सोसून ती जगली हेच नवल. सासूबाई सकाळी फिरायला गेल्या आणि त्या झाडांखालून पदर भरून पांढऱ्याशुभ्र छत्र्या घेऊन आल्या.

"तिथं वारूळ होतं का?" मी विचारलं.

"तुमचे कॉलनीवाले वारूळ राहू देतात का? उधई असन जमिनीत. तू काहून भेते वं? मी का आजच सात्या पाहून राहिली?"

उधई म्हणजे वाळवी; खऱ्या सात्या तिच्याच घरावर उगवतात. ती खाली आहे की नाही हे त्यांनी उकरून पाहिलं नव्हतं, सुईसारख्या सुकल्या पानांतून छत्र्या नुसत्या खुडून आणल्या होत्या. मी हट्टानं एका छत्रीचा फोटो काढला आणि कॉलेजात मला वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना पाठवला. नवरा सुट्टीवर होता. तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "जाऊ दे ना. आईले समजते."

त्यांच्या गावची एक रीत आहे. रानातलं काही घरात शिजलं की दुपारी ते एकट्या मोठ्या माणसानं खायचं. दिवेलागणीपर्यंत ते माणूस ठणठणीत राहिलं, तर रात्री सगळ्यांची ताटं वाढायची. सासरे होते तेव्हाही हा मान सासूबाईंचाच. मान म्हणे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून मला या रीतीचा संताप येतो. पण लग्न होऊन आलेल्या बाईनं किती ठिकाणी तोंड घालायचं?

सासूबाईंनी सात्यांच्या भाजीत भाकरी कुस्करून मिटक्या मारत खाल्लं, ढेकर दिला आणि आडव्या झाल्या. मी दर थोड्या वेळानं दारात जाऊन त्यांची छाती वरखाली होते का ते बघत होते. एकदा त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "जित्ती हाये मी. जाय, काम कर."

चहाच्या वेळेला मॅडमचा फोन आला. आवाजात घाई होती. "फोटोवरून काही सांगता येत नाही. देठ जमिनीत जिथं संपतो तिथं पिशवी आहे का ते उकरून बघ. असली तर अजिबात खाऊ नका."

"सासूबाईंनी दुपारीच खाल्लंय. पण अजून काही झालं नाही."

"त्यावर जाऊ नकोस. हे विष अर्धा दिवस पोटात गप्प बसतं, मग लिव्हर खातं."

मी खुरपं घेऊन पळत सुटले. झाडाखाली एक छत्री उरली होती. मी तिच्या बुडाशी उकरू लागले. माती बाजूला झाली आणि देठाच्या तळाशी फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी पांढरी पिशवी दिसली. वाळवीचा मागमूस नव्हता.

घरी आले तर सासूबाई उरलेली भाजी गॅसवर गरम करत होत्या. मी गॅस बंद केला आणि कढई उचलून मोरीपाशी ठेवली.

"पागल झाली का वं? मी धडधाकट उभी हावो ना!"

"आई, याचं विष उशिरा चढतं. दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता." मी ओरडलेच. त्या घरात आजवर मी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते.

नागपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्या रुसून खिडकीबाहेर बघत होत्या. नवरा गाडी चालवत होता. उकरलेली छत्री मी डब्यात घालून आणली होती. ती बघून डॉक्टरांचा चेहरा बदलला. "आणखी कोणी खाल्लं?"

"कोणीच नाही," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "आमच्यात पयले मीच खाते."

"मी खाल्लं," माझा नवरा म्हणाला.

"कधी रे?" सासूबाईंनी विचारलं.

"कढईतून घेतलं. तुह्या आधी. लहान होतो तेव्हापासून घेतो, आई. तू एकटी खात होती तं मले भेव वाटे. तुले काही झालं असतं तं मले मांगं नव्हतं राहाचं."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही फुटलं. दोघंही वाचली, हे इथंच सांगून टाकते. दोघांनाही त्यासाठी बरेच दिवस सलाईनवर काढावे लागले. पण ते सगळं नंतरचं. त्या क्षणी दिवसभर मला भित्री म्हणणारी ती बाई पांढरीफटक पडली होती. तिनं मुलाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"ते रानातले कडूकांदे आणले होते, तेव्हा?"

"हो."

"अन् बांबूचे कोंब?"

"हो."

"तुह्या बापाच्या वावरातल्या लाल सात्या? त्या वख्ती तं तू पाळण्यातून नुकताच उठला होता, बाबू."

त्यानं मान हलवली. सासूबाईंनी दुसऱ्या हातानं डॉक्टरांची बाही पकडली आणि म्हणाल्या, "साहेब, माह्यं राहू द्या. पयले याले पाहा."