उलटी हर्रास

"हे बोलतच नाही मॅडम. घरी बी नाही अन् येथं बी नाही. मंग तुमी इलाज कसा करता?"

सेशन चालू असताना सुलभाताईंनी दार ढकलून मला हा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त होता. त्यांचे यजमान दिगांबरभाऊ माझ्यासमोर पंख्याकडे पाहत बसले होते. मी यवतमाळात एका खाजगी क्लिनिकमध्ये सायकॉलॉजिस्ट आहे. आमचा उपचार बोलण्यातून चालतो. पेशंट बोललाच नाही तर माझ्याकडे ना सुई, ना गोळी.

आणि हा माणूस पोट भरायचा तोच मुळी आवाजावर. बोरी अरबचे दिगांबरभाऊ तालुक्याच्या बाजारात हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे लिलाव. कापसाच्या गाडीवर चढायचं, मूठभर कापूस उपसून दाखवायचा आणि खाली जमलेल्या व्यापाऱ्यांकडून बोली वाढवत न्यायची. (नाव बदललं आहे. त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.)

गेल्या हंगामात गाडीवर उभे असतानाच त्यांची छाती धडधडायला लागली. हातपाय गार पडले, आवाज बसला. लोकांनी उतरवून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. हा पॅनिक अटॅक होता. धोका काहीच नसतो, पण शरीर जिवावर बेतल्यासारखं वागतं. त्यानंतर भाऊ बाजारात गेले नाहीत. मग चौकात जाणं सुटलं. मग जेवायला उठणंही जड झालं. चिंतेने येताना डिप्रेशनला सोबत आणलं होतं.

आता दसरा जवळ आला होता. बाजारातून निरोप होता: कापूस खरेदीच्या मुहूर्ताला आलात तर तुमची जागा तुमची, नाहीतर दुसरा माणूस पाहतो.

मी सीबीटी सुरू केली होती. आपल्या मनातला विचार, त्यातून येणारी भावना आणि त्यापायी आपण काय करतो, यांची साखळी उलगडून पाहायची, अशी ही पद्धत. ती चांगली आहे, भरपूर लोकांना लागू पडते. पण विचार लिहून आणा म्हटलं की भाऊ कोरा कागद परत आणायचे. श्वासाकडे लक्ष द्या म्हटलं की त्यांना छातीच जास्त ऐकू यायची आणि घाम फुटायचा. बाकी सगळ्याला एकच उत्तर, "बरं हाय."

त्या दिवशी मी आमच्या सरांकडे गेले. ते सायकियाट्रिस्ट, क्लिनिक त्यांचंच.

"गोळी वाढवू?" त्यांनी विचारलं.

"गोळी बरोबर आहे सर. झोप लागते आहे. माझंच काही पोचत नाहीये."

"प्रोटोकॉल सोडू नका."

"सोडत नाही. पण तो त्यांच्या भाषेत न्यायला हवा."

"वऱ्हाडी येते ना तुम्हाला?"

"ती भाषा नाही सर."

पुढच्या वेळी मी कागद काढलाच नाही. इंजेक्शन रूममधून कापसाचं बंडल आणलं आणि भाऊंपुढे ठेवलं. म्हटलं, "मला हर्रास शिकवा."

त्यांनी बंडलाकडे पाहिलं. चिमूट ओढली, बोटांत पिंजली आणि पहिल्यांदाच तोंड वाकडं केलं.

"हा काय कापूस हाय मॅडम? धुवेल हाय हा. याची बोली कोण लावन?"

"मग खरा कसा ओळखायचा?"

आणि माणूस सुरू झाला! वरवर पाहून बोली लावणारा व्यापारी दिवाळं काढतो. हात कोपरापर्यंत गाडीत खुपसायचा. आत ओल आहे का, कवडी म्हणजे किडका कापूस किती, कचरा किती, धागा ओढून लांबी पाहायची. वर पांढराशुभ्र आणि आत ओला, असा माल त्यांनी कितीतरी पाहिला होता. सांगता सांगता ते उभे राहिले. मी म्हटलं, "पुकारा."

त्यांनी पुकारलं. खिडकीची काच थरथरली. सिस्टर धावत आली, पाठोपाठ सरही दारात आले. मी हातानेच दोघांना थांबवलं. भाषा सापडली होती.

"भाऊ, आता दुसरा माल," मी म्हटलं. "गाडीवर एक विचार आहे. 'मी पुकारताना मरणार.' तुमचा किती भरवसा? शंभरातले किती?"

"शंभर," ते ताबडतोब म्हणाले.

"वरून पाहून बोली लावली तुम्ही. हात घाला ना आत."

ते थबकले. मग खाली बसले आणि स्वतःशीच मोजावं तसं बोलू लागले. "छाती धडधडली, हे खरं हाय. पण मेलो तं नाही. डाक्टर म्हणे हार्ट चांगलं हाय. बायको म्हणते, चक्कर बी नोती आली, मी उभाच होतो." ते माझ्याकडे वळले. "ऐंशी लावा."

"अजून आत?"

"मॅडम, आता पुकारलं न मी? आता बी धडधडून राह्यलं." त्यांनी हात छातीवर ठेवला, आणि त्यांचा चेहराच बदलला. "थांबा. हे तं पह्यलेपासून होते! बोली चढली का छाती धडधडतेच. इतकी वर्सं मी त्याले जोश म्हणत होतो. मंग आताच मौत कायले म्हणून राह्यलो?"

हे वाक्य मी त्यांना सांगू शकले असते. पुस्तकात ते जवळजवळ तसंच आहे. पण मी सांगितलं असतं तर "बरं हाय" एवढंच ऐकलं असतं.

बोली साठवर आली, मग चाळिसावर. तिथे अडली. "ही उलटी हर्रास हाय मॅडम," ते म्हणाले. "भाव उतरला का फायदा." आणि ते हसले. दाराबाहेर बसलेल्या सुलभाताई त्या हसण्याने आत आल्या आणि पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या.

चाळिसाच्या खाली बोलून जाता येत नाही. पुढे एक्स्पोजर लागतं, म्हणजे भीती वाटते त्या जागी पायरीपायरीने जाऊन थांबणं. मी सरांना म्हटलं, मला बाजारात जायचं आहे.

"क्लिनिकबाहेर सेशन?"

"भीती तिथे आहे सर."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "त्यांनी मला पण दचकवलं त्या दिवशी. जा."

आधी रिकाम्या यार्डात नुसतं फिरलो. पुढच्या खेपेला ते एका रिकाम्या गाडीवर चढले आणि लगेच पांढरे पडून उतरले. "घरी चला," म्हणाले. आमचं आधी ठरलं होतं: काही झालं तरी लाट ओसरेपर्यंत जागा सोडायची नाही. चाकाला टेकून बसलो. चहा आला, गार झाला. हळूहळू त्यांच्या कपाळावरचा घाम सुकला.

"उतरलं," ते नवल वाटून म्हणाले. "गोळी न घेता उतरलं." आणि आपणहून परत गाडीवर चढले.

मग सोयाबीनचे ढीग आले. ते त्यांनी पुकारले, आधी लहान, मग मोठे.

मुहूर्ताच्या दिवशी मी मुद्दाम गर्दीच्या मागे उभी राहिले. पहिल्या गाडीला हार घातला, नारळ फुटला. भाऊ चढले, कापूस वर धरला, आवाज सुटला. बोली रंगात आली आणि मध्येच आवाज थांबला. माझीच छाती धडधडली. सगळे व्यापारी वर पाहत होते.

भाऊंनी खिशातली बाटली काढली, सावकाश दोन घोट पाणी घेतलं. "जरा थांबा गड्याहो," ते म्हणाले, "इंजन गरम झालं." लोक हसले. आणि पुढची बोली अशी काही पुकारली की गाडीचे बैल कान हलवायला लागले.

ते अजून अधूनमधून येतात. अटॅक कधीकधी येतो, पण ते त्याला घाबरून घरी जात नाहीत. जेवण, झोप, चौकातल्या गप्पा परत आल्या. सरांनी गोळ्या हळूहळू कमी करायला घेतल्या आहेत.

मी अर्थातच हवेत होते. लगेचच फुलसावंगीच्या एक शिक्षिका आल्या, त्यांनाही हाच त्रास. मी उत्साहाने म्हटलं, "आपण तुमच्या विचारांचा लिलाव करू या का?"

बाईंनी खुर्ची जरा मागे सरकवली. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी दिवसभर वर्गातला गोंगाट ऐकते. आपण जरा शांत बसलो तर चालेल का?"

चाललं. त्यांच्यासाठी परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. एका पेशंटने जे शिकवलं ते त्याचंच असतं. दुसऱ्यासाठी आपण पुन्हा ढ.