सहा मामाजी आणि एक कॉम्प्युटर

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरमध्ये मामाजी एकटेच सहा जण होते. 'मामाजी', 'मामाजी नवे', 'मामाजी खरे', 'मामाजी गाईडसाठी', 'मामाजी नवेगाव बांध' आणि 'मामाजी हात लावू नये'. प्राणिशास्त्राची मी आणि रसायनशास्त्राचे मेश्राम सर त्यांच्याखाली एकेका नावानं अंग चोरून बसलेलो असायचो.

मामाजी इतिहास शिकवायचे. त्यांची सून त्याच कॉलेजात मराठीला होती. सासऱ्याला ती घरच्यासारखंच स्टाफरूममध्येही 'मामाजी' म्हणायची. तिचं ऐकून आम्ही म्हणू लागलो, मग पोरं म्हणू लागली, आणि एकदा तर प्राचार्यांनी नोटिशीत तसंच लिहिलं. निवृत्तीला पाच-सहा वर्षं उरली असताना त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय, आपल्याकडचे जुने तलाव. "आतापर्यंत दुसऱ्यानं लिहिलेलं शिकवून राहिलो," म्हणायचे, "एक तरी गोष्ट आपली लिहून ठेवतो ना!"

आम्ही तिघंही पीएच.डी. करत होतो आणि इंटरनेट असलेला कॉम्प्युटर एकच होता. वाचलेल्या पुस्तकांची आणि लेखांची नावं साठवून ठेवणारं, आणि शेवटी प्रबंधाची संदर्भसूची आपोआप तयार करून देणारं एक सॉफ्टवेअर मी त्यात टाकलं. तिघांचा माल एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल केलं. सॉफ्टवेअर उघडलं की आधी नावांची यादी यायची. आपलं नाव निवडायचं, मग आपलंच कपाट उघडायचं. मामाजींना ही व्यवस्था इतकी आवडली की त्यांनी आठवड्याभरात स्वतःची आणखी पाच प्रोफाइलं उघडली.

"मामाजी, एकाच प्रोफाइलमध्ये वेगवेगळे फोल्डर करता येतात," मी म्हटलं.

"फोल्डर म्हणजे एका घरातल्या खोल्या झाल्या, बाई. गाईडले आवडणारी पुस्तकं अन् न आवडणारी पुस्तकं एका घरात ठेवली तर भांडण नाई होणार का? वेगळं घर बरं."

मेश्राम सरांच्या आग्रहावरून त्यांनी पासवर्डही ठेवला. मग विसरू नये म्हणून तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगून ठेवला. एकदा मामाजी चहा पिताना पासवर्ड आठवत बसले होते, तर कॅन्टीनवाल्यानं भजी तळता तळता तो सांगितला.

पण दुसऱ्याच्या प्रोफाइलचं त्यांना भारी सोवळं. एकदा चुकून माझं नाव दाबलं गेलं, तर मामाजी कॉम्प्युटर तसाच सोडून थेट माझ्या वर्गाच्या दारात. भरल्या वर्गासमोर म्हणाले, "बाई, चुकून तुमच्या घरात घुसलो. काईच पाहिलं नाई. तुमी येऊन बंद करा." पोरं हसून हसून बाकांवर आडवी झाली. तो तास तिथंच संपला.

घोळ झाला तो वेगळ्याच कारणानं. त्या नावांच्या यादीखाली एक छोटा चौकोन होता, 'पुढच्या वेळी विचारू नका' अशा अर्थाचा. मामाजींनी एक दिवस त्यात खूण केली. का, तर "रोज रोज कायले विचारते? इतक्या दिवसांची ओळख झाली ना आता!" तेव्हापासून सॉफ्टवेअर यादी न दाखवता, पासवर्डही न विचारता उघडू लागलं, आणि दर वेळी 'मामाजी खरे' यांच्याच कपाटात. लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. मिळालेल्या वेळात लेख शोधायचे, बटण दाबून जमा करायचे आणि पुढच्या माणसाला खुर्ची द्यायची. वर कोणाचं नाव आहे ते मीही पाहिलं नाही, मेश्राम सरांनीही नाही. पावसाळाभर आम्ही दोघं मामाजींचं कपाट भरत होतो.

दिवाळीनंतर मामाजींनी एक प्रकरण नागपूरला गाईडकडे पाठवलं. गाईडचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. त्यांचा आवाज फोनबाहेर येत होता. "तलावांच्या इतिहासात धानावरचे तुडतुडे कुठून आले? आणि हे कापडाचे रंग?"

धानावरचे तुडतुडे माझे होते, रंग मेश्राम सरांचे. मामाजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "सर, तलाव हाय म्हून धान हाय. धान हाय तर तुडतुडे येतीनच." गाईड म्हणाले, "आणि रंग?" मामाजींनी फोन ठेवला.

मी धावत जाऊन मेनूतून नावांची यादी काढली आणि माझं प्रोफाइल उघडलं. उन्हाळ्यानंतरचं त्यात काहीच नव्हतं. मग 'मामाजी खरे' उघडलं, तर तिथं नुसते तलाव. आठ दिवसांनी मला नागपूरला सगळ्यांसमोर माझं काम मांडायचं होतं. मी डोकं धरून बसले. "मामाजी, तुम्ही माझं सगळं पुसून टाकलं का हो?"

"पुसीन कायले?" मामाजी दुखावले. "प्रकरण पाठवल्यावर ध्यानात आलं का आपल्या घरात परके लोक येऊन राहिले. कोणाचे हायेत समजे ना. कोणाले विचारलं तर त्याले वाटंन, मामाजी मले चोर म्हणून राहिले. म्हून त्याईची वेगळी सोय केली."

त्यांनी यादी खाली सरकवली. तळाशी मामाजींचं सातवं प्रोफाइल होतं, 'पाहुणे'.

माल एका कपाटातून दुसऱ्यात हलवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण ती मामाजींना ठाऊक नव्हती. त्यांनी एकेक नोंद वाचून, एका बोटानं, पुन्हा टाइप केली होती. दुपारी सगळे जेवायला गेले की मामाजी लायब्ररीत का बसून असतात ते तेव्हा कळलं. स्पेलिंगं वाट्टेल तशी होती. प्रत्येक लेखकाच्या नावाआधी 'श्री' होतं, कारण अनोळखी माणसाला नुसत्या नावानं कसं लिहायचं? त्या श्रींमध्ये बऱ्याच बायका होत्या. ते सगळे श्री काढता काढता माझे आठ दिवस गेले, पण एकही लेख हरवला नव्हता.

"फेकता कसं येईन, बाई?" ते म्हणाले. "दुसऱ्याची मेहनत हाय ते."

हाच माणूस पुढे गाईडशी भांडला. तलाव बांधणाऱ्या कोहळी लोकांच्या गावोगाव जाऊन मामाजींनी म्हाताऱ्यांकडून माहिती घेतली होती, आणि संदर्भसूचीत त्यांची नावं मोठमोठ्या विद्वानांच्या बरोबरीनं घातली होती. गाईड म्हणाले, ही वेगळ्या परिशिष्टात टाका. मामाजी म्हणाले, "ज्यानं सांगितलं त्याचं नाव तठीच राहीन." आणि राहिलं. तोंडी परीक्षेला त्यांनी त्यातल्या एकाला, नवेगाव बांधकडच्या सोमाजीबुवांना, स्वखर्चानं नागपूरला नेलं. परीक्षकांनी तलावाच्या पाळीबद्दल, म्हणजे बांधाबद्दल, विचारलं की मामाजी आधी मागं वळून बुवांकडे पाहायचे. बुवांनी मान हलवली की मगच उत्तर. परीक्षकांनाही शेवटी सवय लागली, तेही बुवांकडे पाहू लागले.

मामाजी आता नाहीत. आठवण निघाली की मला त्या दिवशीची परतीची गाडी दिसते. मामाजी नव्या कोटात, समोर सोमाजीबुवा, आणि परीक्षा पाहायला सोबत गेलेली मी. भंडारा रोड गेलं तसे बुवा गुडघा चोळत म्हणाले, "तू डॉक्टर झाला म्हणतेत. मंग माहा गुडघा पाह्य ना."

"बुवा, मी तसा डॉक्टर नोहो."

"मंग कशाचा?"

"तलावाचा."

बुवांनी जरा विचार केला आणि पाय उचलून सरळ मामाजींच्या मांडीवर ठेवला. "मंग तुह्याच कामाचं हाय. दवाखान्यातला म्हणे, गुडघ्यात पाणी झालं."

मामाजींनी कोट काढून माझ्याकडे दिला, बाह्या वर केल्या आणि गोंदिया येईपर्यंत ते बुवांचा गुडघा चोळत राहिले.