एका शिट्टीची डाळ
कुकरची शिट्टी झाली, तुरीच्या वाफेचा वास सुटला, की मला अंजूरच्या घरातली ती दुपार आठवते. तुमच्या आत्याला, माझ्या लेकीला, शारीरिक शिक्षणाच्या पदवीला प्रवेश मिळाला होता आणि घरचा पैसा सांभाळणारे माझे दीर जेवायला बसून हिशेब मांडत होते. “वहिनी, शिट्टी फुकून भेटनार किती? माझ्या गोदामाचा वॉचमन जास्त कमावतो. तिला कुकरची शिट्टी वाजवू दे, डाळ तरी शिजल.” आत्या खाली मान घालून भात वाढत होती. मी आत जाऊन पहिल्याच शिट्टीला गॅस बंद केला आणि ती टणक डाळ त्यांच्या भातावर ओतली. “डाळ कच्ची हाय,” ते चावत म्हणाले. “शिट्टी स्वस्तातली आहे, भाऊजी,” मी म्हटलं. पुढे आत्याची फी मी त्यांच्याच गोदामातल्या कारकुनांना इंग्रजी शिकवून भरली. आता अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी भाऊजींना आत्याच्याच व्यायामशाळेत पाठवलं आहे. ती काकांकडून पैसे घेत नव्हती. पूर्ण घ्यायचे, असं मी बजावलं. रोज सकाळी मी मुद्दाम तिथे खुर्ची टाकून बसते. तिची शिट्टी वाजली की भाऊजी उठतात, पुन्हा वाजली की बसतात, आणि दमून थांबले की मी म्हणते, “अजून एक शिट्टी होऊ दे, भाऊजी. डाळ कच्ची आहे.”