त्याच्या हातात काय आहे?

“ज्या हाताने लावलीस, त्याच हाताने पूस.”

वस्तुसंग्रहालयाच्या साहेबाने हे माझ्या आईला सांगितलं. आई त्याच्या आईच्या वयाची. शिपायाने फरशी पुसायचं ओलं फडकं तिच्या पायाशी टाकलं. समोर आमचा वीर उभा होता, अंगावर बोटभर हळद. बघायला आलेली माणसं थांबली. एक बाई पोराला म्हणाली, “बघ, अडाणी लोक कसे असतात ते.”

आणि आई वाकली. मला साहेबापेक्षा तिच्या वाकण्याचा राग आला, हे आज कबूल करते.

वीर म्हणजे कमरेएवढा कोरीव दगड. लढून मेलेल्या माणसाचा. भिवंडीहून जाताना अंबाडीच्या अलीकडे आमचं गाव, गावाबाहेर आमचा महारवाडा आणि वाड्याच्या तोंडाशी हा. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव टोपलीत घालून नदीला दिले. वीराला कुणी हात लावला नाही. आई म्हणायची, “देव व्हते ते गेले. ह्यो मानूस हाय. आपला मानूस.” घरात लग्न निघालं की पहिली हळद त्याला, मग नवरीला. घरच्या थोरल्याला द्यावा तसा मान.

मी सातवीत असताना एका सकाळी तिथे नुसता खड्डा दिसला. पाटील म्हणाले, सरकारने नेला. आम्ही गप्प बसलो. गप्प बसण्यात आमचा हात कोण धरणार? पुढे आम्ही भिवंडीला आलो. आई लूमच्या कारखान्यासाठी सुताच्या कांड्या भरायला लागली, मी शिकून मास्तरीण झाले.

माझं लग्न ठरलं त्याच हिवाळ्यात शाळेची सहल मुंबईला गेली. समुद्र, किल्ला, मग वस्तुसंग्रहालय. पोरं मोजता मोजता मान वळवली, तर भिंतीशी वीर! शेजारी भिंतीवर पाटी होती: ‘तलवारधारी योद्धा. पाटील घराण्याचे पूर्वज. पाटील कुटुंबाकडून भेट.’

घरी येऊन सांगितलं. आईने घरी भरायला आणलेली कांडी खाली ठेवली. “त्याची हळद झाल्याबिगर तुला बोट लावू द्याची न्हाय.” रविवारी पळसाच्या पानात हळद बांधून आम्ही दोघी निघालो. दगडाला हात लावू नये हे मला माहीत होतं. तिला मी सांगितलं नाही. तिला अडवायची हिंमत झाली नाही.

आई फडकं उचलायला वाकली तेव्हा मी म्हणाले, “साहेब, हा आमच्या वाड्यातला आहे.”

त्याने मला पाटी वाचून दाखवली. सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. मला, मास्तरणीला! मग म्हणाला, “तुमच्यात योद्धे कधीपासून व्हायला लागले? आणीबाणी चालू आहे. पोलीस बोलावू?”

मास्तरकीची सगळी ऐट गळून पडली.

तेव्हा खाली बसलेली आई बोलली. फडकं हातात तसंच. “साहेब, त्याच्या हातात बघा. तलवार कुठं हाय? काठी हाय ती. वेसकराची. वर घुंगरं बी हायती.”

मी पाहिलं. काठीच होती. वेशीवर राखण करणाऱ्या आमच्या माणसाची, टोकाशी घुंगरं कोरलेली. लहानपणापासून ज्याला हळद लावली, त्याचा हात मी कधी नीट पाहिला नव्हता. सहलीच्या दिवशीही पाटी वाचली आणि मान्य करून टाकली. आईला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने दगड पाहिला होता. मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

साहेबाने मान वळवूनही बघितलं नाही. “पूस,” म्हणाला.

मी आईच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि त्याच्या टेबलावर, उघड्या वहीवर ठेवलं. “आम्ही पुसणार नाही. आणि पाटी खोटी आहे.”

शिपायाने दंडाला धरून आम्हाला बाहेर काढलं. मग आत जाऊन तोच हळद पुसायला लागला, दारातून तेही दिसलं. पानात उरली होती ती वीराची उष्टी हळद. माझ्या लग्नात आईने तीच मला लावली.

पाटी बदलावी म्हणून मी अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही. पाटी जशीच्या तशी.

आता दर वर्षी माझ्या वर्गाची सहल मी तिथेच नेते. मुख्याध्यापक कुरकुरतात, कुरकुरोत. पोरांना वीरासमोर उभं करते, पाटीवर पाठ टेकून उभी राहते आणि विचारते, “वाचायचं नाही. बघायचं. त्याच्या हातात काय आहे?”

“काठी!”

शिपाई धावत येतो. म्हणतो, बाई, आवाज करू नका.

मी पोरांना सांगते, परत म्हणा. ऐकू गेलं नाही त्यांना.