हिलाल मिस्तरी आणि वाकडा घाट

रोज सकाळी गॅरेजचं शटर वर केलं की हिलाल मिस्तरी लोटाभर पाणी फरशीवर ओतायचा आणि बघत उभा राहायचा. पाणी कुठंच जायचं नाही. मग तो समाधानानं झाडू हातात घ्यायचा. सारंगखेड्याची जमीनच तशी, तापीच्या काठानं ताटासारखी पसरलेली. नदीवरच्या पुलाचा चढ हा हिलालच्या आयुष्यातला सर्वांत मोठा चढ होता, आणि तोही त्याला जरा जास्तच वाटायचा.

त्याच्याकडं धडगावचा करणसिंग आपली प्रवासी जीप घेऊन आला. टर्बोला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या कुजल्या होत्या. इंजिन बंद केलं तरी टर्बो बराच वेळ धगधगत राहतो. त्यातलं गरम पाणी आपसूक वर पाण्याच्या छोट्या टाकीकडं गेलं पाहिजे, म्हणून टाकी उंच हवी आणि नळीला कुठं कुबड नको, नाहीतर हवा अडकते नि पाणी उकळतं. हिलालनं टाकी बॉनेटच्या मागच्या टोकाला, काचेजवळ बसवली, पुढच्या टर्बोपेक्षा चार बोटं उंच. नळी अशी सुरेख चढत नेली की करणसिंगनं तिचा फोटो काढला.

आठवड्याच्या आत तो परत आला. घाटात प्रवासी घ्यायला थांबून इंजिन बंद केलं की पाणी उकळत होतं. गॅरेजात मात्र काही केल्या उकळेना.

"मिस्तरी, आता आणखी एकदा उकळली तर स्टँडवाले रांगेतला माझा नंबर कापतील. मग मी काय जीपमध्ये कोंबड्या पाळू?"

"नळी बरोबर शे," हिलाल म्हणाला. "तुन्हा घाट चुकेल शे."

"मग चला, घाटालाच सांगा."

असा हिलाल पहिल्यांदा घाटात गेला, पुढच्या बाकावर, डोळे गच्च मिटून. शेजारी जसोदाबाई होती, शहाद्याहून मिरच्यांची पाटी घेऊन घरी निघालेली. अर्ध्या चढावर कुणीतरी हात केला. करणसिंगनं जीप थांबवून इंजिन बंद केलं. थोड्याच वेळात बॉनेटखाली शिट्टी वाजली नि वाफ उठली.

हिलालनं खाली उतरून जीपकडं बाजूनं पाहिलं. नाक आभाळाकडं, शेपूट दरीकडं. त्याची उंच टाकी टर्बोच्याही खाली गेली होती. टाकी हलवायला ना पाने होते, ना हिलालची तयारी. इंजिन निवल्यावर पाणी भरून तो म्हणाला, "टाकी बरोबर शे. गाडीच उलटी उभी शे. फिराव."

"अहो, धडगाव वर आहे!"

"मंग रिव्हर्समा चाल."

उरलेला घाट जीप उलटी चढली. मागच्या बाकावरचे लोक एकदम पुढचे झाले आणि ड्रायव्हरला रस्ता सांगू लागले. जसोदाबाईनं हिलालला कोपरानं ढोसलं. "मिस्तरीभाऊ, डोळे उघडा. आता समोर फक्त होऊन गेलेला रस्ता आहे. त्याला काय भ्यायचं?"

हिलालनं डोळे उघडले. वाटेत जीप पुन्हा थांबली, इंजिन बंद झालं. पाणी उकळलं नाही.

वाफेची बातमी फोननं आधीच वर पोचली होती. स्टँडवर गाड्यांचे नंबर लावणारा लखन वाटच बघत होता. जीप पाठमोरी आत शिरली.

"ही आली का चालली?" त्यानं विचारलं.

"तोंड कुठं आहे बघ," करणसिंग म्हणाला.

तोंड शहाद्याकडं होतं. शहाद्याकडं तोंड म्हणजे निघणारी गाडी, आणि निघणारी गाडी येताना उकळली असं म्हणायचं तरी कसं? लखन विचार करत राहिला. तेवढ्यात शहाद्याचे प्रवासी आत बसूनही गेले. करणसिंगचा नंबर शाबूत राहिला.

महिनाभर करणसिंग घाट उलटाच चढला. मग एक दिवस हिलालनं कुणाला काही न सांगता जीपची पुढची चाकं घाटातल्यासारखी विटांच्या थप्पीवर चढवली, बॉनेटला भोक पाडलं आणि टाकी चक्क पुढं, बाहेर काढून बसवली. जीपला शिंग फुटल्यासारखं दिसायचं. ती सरळ चढू लागली. झालेल्या चुकीबद्दल हिलाल कधी बोलला नाही. भोक मात्र फार सफाईनं घासलं होतं.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं तो गेला. आदल्या दिवशी करणसिंग भेटायला आला होता. हिलालच्या बायकोनं, दगूबाईनं, चहा टाकला होता आणि करणसिंग निघायची घाई करत होता.

"उद्याना नंबर कितवा शे?" हिलालनं खाटेवरून विचारलं.

"तिसरा."

"मंग येळ शे. चहा पीसन जाय."